अंगठ्याएवढा फोड

गायकवाड सरांना हळू बोलता येत नसे. मोठ्याने बोलणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात, पण ती रागावली की, हसली की, किंवा फोनवर. सर "जरा ती खुर्ची इकडे घे" हेसुद्धा असं सांगत की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी दचकून उभं राही. आणि हा माणूस जिथे नोकरीला होता तिथे मोठ्याने बोलणं जवळजवळ गुन्हा होता. आमची संस्था संरक्षण खात्यासाठी संशोधन करते. ती कुठे आहे ते सांगत नाही. शीळफाट्यावरून ऑफिसची बस एका आतल्या रस्त्याला वळते, एवढं पुरे. गेटवर मोबाइल जमा करायचा. वहीच्या प्रत्येक पानाला छापील क्रमांक, आणि संध्याकाळी वही कपाटात कुलूपबंद. कँटीनमध्ये शेजारच्या विभागातल्या माणसाशी क्रिकेट आणि मुलांच्या शाळा यापलीकडे कोणी बोलत नाही. अशा ठिकाणी सरांचा आवाज तीन भिंतींपलीकडे जायचा. पाठीमागे सगळे त्यांना 'भोंगा' म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

आमचे सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा सरांना बोलावून सांगितलं, "गायकवाडसाहेब, तुमचं गुपित शीळफाट्यापर्यंत ऐकू जातं." सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळकरी पोरांची असते तशी लाकडी चौकटीची पाटी आणि खडू घेऊन आले. बाकीचं वाक्य ते नेहमीच्या आवाजात बोलत, आणि गुपिताचा शब्द आला की थांबून तो पाटीवर लिहीत, समोरच्याला दाखवत आणि शर्टाच्या बाहीने पुसून टाकत. म्हणजे वाक्य असं व्हायचं: "उद्या सकाळी आपण त्याच्यात" – खडूची करकर – "मिसळायचंय, आणि नीट ढवळलं नाहीस तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही!" त्यांची उजवी बाही कायम पांढरी असायची. नव्या माणसाला हा प्रकार विनोदी वाटे. महिन्याभरात सवय होई.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. ठाण्यात नौपाड्यात वाढलेली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, घरातली पहिलीच केंद्र सरकारी नोकरी. सरांनी पन्नाशी ओलांडलेली होती. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, मग राहण्याचं ठिकाण विचारलं, आणि म्हणाले, "ठीक आहे. तू ठाणं." ते हाताखालच्या सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारत. मी दबकत विचारलं की नाव का नाही. "नाव काय, उद्या लग्न झालं की बदलेल. ठाणं कुठे जातंय?" पुढे माझं लग्न नौपाड्यातच, दोन गल्ल्या सोडून झालं, तेव्हा सरांना फार आनंद झाला. लग्नात त्यांनी माझ्या सासूबाईंना सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, माझं काम वाचवलंत!"

आमचं काम गंजाचं. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. काहींत पिण्याचं पाणी, काहींत तोल सांभाळायला घेतलेलं समुद्राचं. लोखंडाच्या पत्र्याला ते पाणी लागू नये म्हणून आतून एक लेप द्यावा लागतो. तो बाहेरून विकत यायचा, आणि मी लागले तेव्हा सर नऊ वर्षं तसा लेप इथे तयार करायच्या मागे होते. आमच्या मजल्यावर एकीकडे पाण्याच्या प्रवाहावर काम करणारे लोक होते; त्यांच्या काचेच्या लांबलचक हौदात दिवसभर पाणी पळत असे. दुसरीकडे पाण्यातून प्रकाशाने संदेश पाठवायचा प्रयत्न करणारे होते, पडदे लावून अंधारात बसणारे. सर म्हणायचे, "एक जण पाणी पळवतो, एक जण पाण्यातून उजेड पाठवतो. आपलं काम सोपं. पाण्याला म्हणायचं, तू लांब राहा." घरी काय काम करता असं कोणी विचारलं तर ते सांगत, "रंग लावतो." डोंबिवलीत त्यांच्या इमारतीतल्या कित्येकांना ते रंगाच्या कारखान्यात आहेत असंच वाटायचं. एकाने तर बैठकीच्या खोलीला कोणता रंग शोभेल असं विचारलं होतं, आणि सरांनी गंभीरपणे सल्लाही दिला होता.

त्यांचा एक प्रश्न मला पहिली दोन वर्षं छळत राहिला. मी काहीही सांगायला गेले की ते विचारत, "बघितलंस का वाचलंस?" लेपाची चाचणी हाताच्या पंजाएवढ्या लोखंडी पट्ट्यांवर होते. त्यांना आम्ही पॅनेल म्हणतो. पॅनेल घासायचं, धुवायचं, लेप द्यायचा, वाळवायचं आणि मग खाऱ्या पाण्याचं धुकं सोडलेल्या पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवायचं. पेटीतून काढल्यावर यंत्राने मोजमाप घेता येतं, त्याचा कागद छापून येतो. कागदावरून मी म्हणायचे, "सर, पॅनेल चांगलं आहे." की आलाच प्रश्न. मग मला पॅनेल घेऊन खिडकीशी जावं लागे, दिवसाच्या उजेडात ते तिरकं धरून भिंगातून इंच इंच पाहावं लागे. असं पाहून आल्यावर मी पुन्हा तेच म्हटलं तर ते एक अक्षर न बोलता सही करत. माझ्या शब्दावर कोणीतरी सही करतं, याची धास्ती मला तिथे पहिल्यांदा कळली.

मी लागल्याच्या चौथ्या वर्षी सरांचा लेप शेवटच्या चाचणीला आला. चोवीस पॅनेलं तयार करून पेटीत ठेवायची, ठरलेल्या मुदतीनंतर काढायची, आणि सगळी स्वच्छ निघाली की समितीसमोर ठेवायची. समितीने होकार दिला की लेप जहाजांवर जाणार. सर विभागप्रमुख होणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची चार वर्षं उरली होती, आणि तोवर दोनदा त्यांच्या मागून आलेला माणूस पुढे गेला होता. पॅनेलं तयार करायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. उभं राहून बघितलंसुद्धा नाही. "तू केलंस म्हणजे झालं," म्हणाले.

मुदत संपल्यावर पेटी उघडली तेव्हा तेवीस पॅनेलं काल रंगवल्यासारखी होती. सतरा क्रमांकाच्या पॅनेलवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या फोडांचा एक पुंजका होता. लांबून पाहिला तर एकच लांबट गोल फोड वाटावा असा. सरांनी ते खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी भिंग लावलं. तो अंगठा होता. माझा अंगठा होता.

पॅनेलं तयार करताना माझा उजवा हातमोजा फाटला होता. नवा घेण्यासाठी मी वळले, तेवढ्यात टेबलाच्या कडेवरून एक पॅनेल सरकलं, आणि मी ते पडू नये म्हणून उघड्या हाताने धरलं. क्षणभरच. मग पुन्हा जागेवर ठेवलं, हातमोजा बदलला, पुढचं काम केलं. धुण्याची पायरी होऊन गेली होती. ते पुन्हा धुवायला हवं होतं. मी धुतलं नाही आणि वहीत लिहिलंही नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं असं मला वाटलंच नाही. घामातलं मीठ लेपाखाली राहिलं, आणि पेटीतल्या धुक्याने ते शोधून काढलं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. घरी जाताना बसमध्ये माझ्या मनात एकच हिशेब चालू होता, की ही गोष्ट मला एकटीलाच माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सर सबनीस सरांशी बोलत उभे होते. सबनीस म्हणजे आमचे उपप्रमुख, सज्जन आणि सावध. सर म्हणत होते, "तेरा वर्षांत असा फोड पाहिला नाही. मिश्रणातच काहीतरी चुकतंय. माझंच." ते 'माझंच' मला ऐकवेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, पाटी द्या." त्यांनी दिली. मी लिहिलं, 'पॅनेल १७. माझा अंगठा. हातमोजा फाटला होता.' तोंडाने मला ते सांगता आलं नसतं.

सरांनी वाचलं. सबनीसांनीही मान वाकडी करून वाचलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अहो, मग प्रश्नच मिटला! लेपाचा दोष नाहीच. हे पॅनेल बाद करा, कारण लिहा, तेवीस पाठवा."

सर माझ्याकडे बघत होते. "अंगठा लागला त्याचं काही नाही," ते म्हणाले, आणि सबंध मजल्याने ते ऐकलं असणार. "लिहिलं नाहीस, त्याचं काय?"

मी पाटी पुसून परत दिली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संचालकांनाही ते पटलं. हाताळणीतली चूक, पॅनेल बाद, नियमात बसतं. मला खुलासा मागणारं पत्र येईल, फार तर एक समज मिळेल. सगळे सुटल्यासारखे वागत होते. फक्त सर दोन दिवस गप्प होते, आणि त्यांची ती शांतता बाकीच्यांना आवाजापेक्षा जास्त खटकली. कँटीनवाल्याने मला हळूच विचारलं, "ताई, गायकवाड साहेब रजेवर आहेत का?" साहेब त्याच्या मागच्याच टेबलावर जेवत होते.

शनिवारी सर म्हणाले, "ठाणं, आज डोंबिवलीला चल. आमच्या दादांना भेटायचंय तुला." दादा म्हणजे त्यांचे वडील. मी त्यांच्याबद्दल ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. घरात शिरताच सरांच्या बायकोने, काकूंनी, पाणी दिलं. त्या कल्याणला पालिकेच्या शाळेत शिकवत आणि अगदी हळू बोलत. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, ऐंशीच्या पुढचे, हडकुळे, मनगटं मात्र रुंद. सरांनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि ओरडून सांगितलं, "ही माझ्या ऑफिसातली!" दादांनी कानाला हात लावला. सर आणखी मोठ्याने ओरडले. मग त्यांनी खुर्चीमागून पाटी काढली. अगदी तशीच पाटी.

काकूंनी मला सगळं सांगितलं. दादा तरुणपणी साताऱ्याकडून येऊन गोदीत लागले. काम गंज झाडायचं. जहाजाच्या टाकीत उतरायचं आणि हातोडीने पत्र्यावरचा गंज ठोकून काढायचा. बंद लोखंडी डब्यात दहा-बारा हातोड्या एकदम. तिशी उलटायच्या आत त्यांचे कान गेले. मुलगा लहान होता तेव्हापासून घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडूनही पोचलं नाही तर पाटीवर लिहायचं. दादांना गोदीतल्याच एका सोबत्याने लिहाय-वाचायला शिकवलं होतं. "हे शाळेत गेले तेव्हा मास्तर म्हणायचे, अरे, हळू बोल," काकू म्हणाल्या. "हळू म्हणजे कसं, ते यांना कोणी दाखवलंच नव्हतं."

सरांनी पाटीवर लिहिलं: 'टाकीत रंग देताना हात पुसायला काय असायचं?' दादांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"काय पुसनार, पोरी? आंगावर एक धडूतं, ते बी निथळायचं. आत शिरलं का घाम. हातानं धरूनच वर चढायचं, हातानंच उतरायचं. कोपरं, गुडघं, सगळं पत्र्याला घासायचं. वरनं सायब दिवा सोडायचा खाली, म्हनायचा, साफ हाय का? आम्ही म्हनायचो, साफ हाय!"

सरांनी पाटी पुसली. आम्ही चहा प्यायलो. निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तुझा अंगठा एकदा लागला. आत उतरणाऱ्याचं सगळं अंग लागतं. मग तेवीस पॅनेलं कसली पाठवू मी?"

सोमवारी त्यांनी संचालकांना लेखी कळवलं की लेप समितीसमोर ठेवण्याजोगा नाही. कारण म्हणून लिहिलं, नेहमीच्या हाताळणीत टिकत नाही. 'चुकीच्या' नव्हे, 'नेहमीच्या'. त्या एका शब्दावरून संचालकांच्या खोलीत तासभर वाद झाला. दार बंद होतं, पण सरांची बाजू आम्हाला स्पष्ट ऐकू आली. संचालकांची बाजू मला नंतर सबनीसांकडून कळली. संचालक म्हणाले होते, "गायकवाड, एका मुलीच्या चुकीसाठी तुम्ही तेरा वर्षांवर पाणी फिरवताय. गोदीत लावणाऱ्यांना हातमोजे देऊ, सूचना छापू." सर म्हणाले ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. "सूचना तुम्ही छापाल. टाकीत अंधार असतो, साहेब!"

पुढचं सगळं शांतपणे झालं. बाहेरचा लेप विकत घेणं चालू राहिलं. विभागप्रमुख सबनीस झाले. सरांना तांत्रिक ग्रंथालयाचं काम दिलं, आणि लेपाचं काम 'वेळ मिळेल तसं' करायला परवानगी ठेवली. मला खुलाशाचं पत्र आलंच नाही, कारण सरांच्या अहवालात कोणाची चूकच नव्हती. मी एकदा त्यांना म्हटलं की माझ्यामुळे तुमचं गेलं. त्यांनी हातातलं पुस्तक फडताळात सरकवलं आणि म्हणाले, "तुझ्यामुळे कळलं. नाहीतर जहाजावर कळलं असतं." समाधान करण्यासाठी ते काही बोलत नसत, त्यामुळे मला ते खरं मानावं लागलं. तरी अपराधीपणा गेला नाही. सबनीसांच्या दारावरची 'विभागप्रमुख' ही पाटी पाहिली की अजूनही मी नजर वळवते.

ग्रंथालयात बसून सरांनी उलट्या बाजूने काम सुरू केलं. आजवर आम्ही पॅनेल स्वच्छ करून लेप द्यायचो. आता ते आधी मुद्दाम घाण करून घेऊ लागले. दुपारी जेवण झालं की सर पॅनेलांचा ट्रे घेऊन कँटीनमध्ये हिंडत. "अंगठा दे! पुसू नको, तसाच दे!" आचाऱ्याचा तेलकट अंगठा, माळ्याचा मातीचा, बसच्या ड्रायव्हरचा, पाणी पळवणाऱ्यांच्या विभागातल्या दोघांचा कायम ओला. प्रत्येक पॅनेलमागे नाव. आठवड्याभरात सुरक्षा अधिकारी धावत आले. कर्मचाऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे गोळा करणं ही सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर बाब होती. सरांनी त्यांना शांतपणे समजावलं, म्हणजे त्यांच्या मानाने शांतपणे, की लेप दिल्यावर ठसा दिसत नाही. मग ट्रे पुढे केला. अधिकाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टोपी काखेत धरून अंगठा दिला. त्या पॅनेलवर सगळ्यांत आधी फोड आले. सर आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, "फौजी घाम आहे, जोरदार!"

तीन वर्षं असे फोड मोजण्यात गेली. ओलसर, तेलकट पत्र्यालाही धरून राहील असं एक द्रव्य त्यांना शेवटी हाती लागलं, पण ते मिसळलं की लेप लवकर ठिसूळ व्हायचा. तेवढा एक गुंता सुटायचा बाकी असताना त्यांची साठ वर्षं भरली. दादा त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेले होते. निरोपसमारंभात संचालकांनी शाल आणि नारळ दिला. माइक सरांपुढे ठेवला तेव्हा सभागृहात हसू फुटलं आणि तेही हसले. भाषण दोन मिनिटांचं झालं. त्यांनी सगळ्या अंगठेवाल्यांचे आभार मानले, नावं घेऊन, एकही न विसरता. मग गेटवर गेले आणि गळ्यातला पास काढून दिला. मी सोबत होते. आमच्याकडे असा नियम आहे की त्या घटकेनंतर माणूस बाहेरचा होतो. कामातलं काही त्याने विचारायचं नाही, आम्ही सांगायचं नाही. सरांनी तो नियम इतका काटेकोर पाळला की मला कधी कधी राग यायचा. बुद्धपौर्णिमेला मी त्यांच्याकडे खीर खायला जायचे. ते माझ्या मुलीच्या गणिताबद्दल विचारत, ठाण्यातल्या रस्त्यांवर चिडत, काकूंना गुडघ्याचे व्यायाम करायला लावत. लेपाबद्दल एक अक्षर नाही.

तो गुंता मी सोडवला. मला एकटीला चार वर्षं लागली, आणि सर असते तर दीड लागलं असतं. समितीने लेप स्वीकारला, एका जहाजाच्या टाकीला तो दिला गेला. त्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. सर गॅलरीत कुंडीतली तुळस खुरपत होते. मी नियमाच्या आत राहून एवढंच म्हटलं, "सर, झालं."

त्यांनी खुरपं कुंडीत रोवलं. मग म्हणाले, "लावणाऱ्यांना वासाचा त्रास झाला का?"

मला वाटलं होतं ते टिकेल का विचारतील, किती दिवसांची चाचणी घेतली ते विचारतील. मी त्याची उत्तरं मनात तयार ठेवली होती, सांगायची नाहीत हे ठरवूनसुद्धा. वासाचं मला माहीत नव्हतं. लेप वाळताना त्यातला द्रावक उडून जातो आणि बंद टाकीत त्याची वाफ साठते, हे मला कळायला हवं होतं. कळतही होतं. पण विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

गोदीतल्या मुकादमाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, तसं काही नाही मॅडम, काम मस्त झालं, फक्त एका माणसाला आत भोवळ आली होती. दोरीने वर घेतलं, वारा घातला, तासाभराने उठून बसला. पुढच्या आठवड्यात मी सरांना ते जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव काय त्याचं?"

नाव मी विचारलं नव्हतं.

ते रागावले नाहीत. काकूंना म्हणाले, "हिला जेवायला वाढ." आणि जेवताना, भाजी पुढे सरकवता सरकवता, "तू एकदा उतरून ये आत." मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात मुकादमाकडून नाव मिळवलं: बबन. ते सरांना फोनवर कळवलं. उतरायचं मात्र राहून गेलं. परवानगीची कागदपत्रं, मुलीची परीक्षा, दुसरं काम. त्या थंडीत सरांना झटका आला आणि तीन दिवसांनी ते गेले. अंत्ययात्रेला संस्थेतून बरीच माणसं आली होती. सुरक्षा अधिकारी निवृत्त होऊन गावी गेले होते, तेही आले होते. इमारतीतले लोक आम्हाला विचारत होते, तुम्ही सगळे रंगाच्या कारखान्यातले का. आम्ही हो म्हटलं.

टाकीत मी त्यानंतर दोन महिन्यांनी उतरले. झाकणाचं भोक एवढं लहान असतं की खांदे तिरके करून जावं लागतं. आत शिडी, खाली एक दिवा आणि चार माणसं रोलरने लेप देत होती. माझे हात पहिल्याच पायरीला ओले झाले. त्यातला एक जण तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर थांबा. इथे बसवनार नाय तुम्हाला."

"किती वेळ बसवतं तेच बघायला आलेय," मी म्हटलं.

"मग बसा," तो म्हणाला, आणि मला उभं राहायला जागा करून दिली. त्याला मी नाव विचारलं. तो बबन नव्हता, गणपत होता. बबनला आता बाहेरचं काम दिलं होतं, आत उतरायला तो तयार नव्हता. नवव्या मिनिटाला माझं डोकं जड झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गणपतने शिडीकडे बोट केलं. मी वर आले. ते चौघे आतच होते.

परत आल्यावर मी नव्या कामाचा प्रस्ताव लिहायला घेतला: असा लेप, ज्यातून काहीही उडून जाणार नाही. आमच्या प्रस्तावात 'गरज कोणाची' असा एक रकाना असतो. तिथे आम्ही नेहमी खात्याचं नाव लिहितो. मी लिहिलं, 'टाकीत उतरणारी माणसं'. फाइल दोनदा परत आली, रकाना नियमाप्रमाणे भरावा असा शेरा मारून. दोन्ही वेळा मी ती तशीच पुन्हा वर पाठवली. तिसऱ्या वेळी सबनीस सरांनी ती समोर घेतली, तो रकाना वाचला, चष्मा काढून पुसला आणि सही केली. काम सध्या चालू आहे.